बे सत्ते चौदाची झळक

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. सन एकोणीसशे सहासष्टचा हिवाळा आहे आणि तुम्ही सिल्वासाला, टोकरखाड्यातल्या एका सरकारी बिऱ्हाडाच्या पायरीवर बसला आहात. सूर्य नरोलीच्या बाजूला बुडालाय, पण आकाश अजून पुरतं काळं झालेलं नाही. आता मान वर करा. एवढी नको, दुखेल. त्या ताडाच्या शेंड्यापासून चार बोटं वर बघा. काही नाही ना? थांबा. आता! एक ठिणगी चमकली आणि विझली. तिथेच शोधत बसू नका, ती पुढे सरकलीय. मनात हळूहळू बेचा पाढा म्हणा. बे एके बे, बे दुणे चार... ती बघा, पुन्हा चमकली, पहिल्या जागेपासून हातभर पुढे.

तारा असा उघडझाप करत चालत नाही. विमान इतकं मुकाट जात नाही. काजवा तर एवढ्या उंच जाऊच शकत नाही. ते होतं एका अग्निबाणाचं रिकामं नळकांडं. उपग्रह वर पोचवून त्याचं काम संपलं होतं आणि आता ते पृथ्वीभोवती कोलांट्या खात फिरत होतं. चकचकीत पेला उन्हात गरगर फिरवत वर उडवला (घरात करून बघू नका, आई मला बोलेल) तर त्याची कड उन्हात आली की लकाकते आणि फिरली की विझते, तसंच हे. खाली आपल्याकडे दिवेलागण झाली तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतंच.

इतकी साधी गोष्ट. पण तिच्यापायी टोकरखाड्यात जे झालं ते मात्र साधं नव्हतं.

अनंतराव सावे हे मोजणी कचेरीत मोजणीदार होते. मूळचे डहाणूकडचे. पोर्तुगीज जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी त्यांच्या कागदांवरचे बांध अजून भांडत होते आणि ती भांडणं मिटवायला अनंतराव जमीन मोजायची लोखंडी साखळी घेऊन जात. सावेंची साखळी पडली की दोन्ही बाजू गप्प बसत. एक बाजू समाधानानं आणि दुसरी नाइलाजानं, पण बसत. या गोष्टीचा अनंतरावांना इतका अभिमान होता की घरातसुद्धा चादर अंथरताना ते दोन्ही कडा सारख्या लोंबतात की नाही ते पाहत.

मुंबईचा पेपर सिल्वासाला एक दिवस शिळा होऊन येई. त्यात त्यांनी वाचलं की परदेशात काही हौशी लोक अशा कोलांट्या खाणाऱ्या नळकांड्यांच्या दोन झळकांमधला वेळ मोजतात. आणि गंमत अशी की तो वेळ आठवड्यामागून आठवडे बदलत जातो. भिंगरी जशी मंदावते तसं ते नळकांडं मंदावतं, कारण पृथ्वीचं चुंबकत्व त्या फिरत्या धातूला हळूच मागे ओढत असतं.

अनंतरावांनी पेपर खाली ठेवला.

"अगं, ऐकलंस का? जमीन काय, पडूनच असते. कोणीही मोजील. मोजणी खरी ती हलणाऱ्या वस्तूची."

"मग दूधवाल्याचं माप मोजा," शैलजाबाई आतून म्हणाल्या. "रोज हलतं ते."

अनंतरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच संध्याकाळी ते अंगणात उभे राहिले, झळक दिसली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की वेळ मोजायला घड्याळ लागतं.

भिंतीवरचं घड्याळ आत होतं आणि आकाश बाहेर. मनगटावरच्या घड्याळात सेकंदाचा काटा होता, पण अंधारात तो दिसेना. तेवढ्यात शेजारचे दत्तात्रय पाटणकर आले. पाटणकर ट्रेझरीत होते आणि मूळचे गिरगावातले होते, त्यामुळे त्यांना सगळं माहीत असे.

"अहो सावे, बॅटरी कशाला आहे?" असं म्हणून त्यांनी आपल्या बॅटरीचा झोत घड्याळावर पाडला. काटा लख्ख दिसला. आकाश मात्र पार नाहीसं झालं. डोळ्यांपुढची पिवळी वर्तुळं जाईपर्यंत नळकांडं मसाटच्या बाजूला उतरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटणकरांनी नाडीवर मोजायला सांगितलं. "जुने वैद्य काय घड्याळं घेऊन हिंडत होते?" अनंतरावांनी मनगट धरलं. पण झळक दिसली की आनंदानं त्यांची नाडी दुडक्या चालीनं धावायची आणि ढगाआड गेली की निराश होऊन मंदावायची. आकाशातल्या वस्तूपेक्षा स्वतःच्या स्वभावाचीच मोजणी जास्त होऊ लागली.

या सगळ्या काळात पडवीत झोपाळा हलत होता.

त्या भागात झोपाळा नसलेलं घर म्हणजे चुलीशिवायचं घर. अनंतरावांच्या बिऱ्हाडातही लोखंडी कड्यांचा, लाकडी फळीचा झोपाळा होता. त्याच्यावर त्यांची चौथीतली मुलगी मालती बोरं खात पाढे म्हणत बसे. एका झोक्याला एक ओळ. पुढे जाताना 'बे एके बे', मागे येताना 'बे दुणे चार'. कड्या कुर्र-कच, कुर्र-कच वाजत.

तिसऱ्या संध्याकाळी अनंतराव हात टेकून आकाशाकडे बघत होते. झळक आली आणि त्याच वेळी कानावर 'बे एके बे' पडलं. पुढची झळक आली तेव्हा मालती म्हणत होती, 'बे सत्ते चौदा'. तिला थांबवून त्यांनी पुन्हा झळकेबरोबर पाढा सुरू करायला लावला. पुन्हा बे सत्ते चौदा. परत एकदा. बे सत्ते चौदा!

"सापडलं!" अनंतराव इतक्या जोरात ओरडले की शैलजाबाई पळी घेऊन बाहेर आल्या.

तेव्हापासून घरात वेळेचं हे नवीन माप सुरू झालं. कचेरीतून येताना अनंतराव विचारत, "काल कितीवर होती?" आणि मालती बोराची बी थुंकून सांगे, "चौदावर." दोनेक आठवडे ती चौदावर राहिली. मग चौदा म्हणून झाल्यावर किंचित थांबून येऊ लागली. आणि एके दिवशी ती आली ती थेट 'बे आठे सोळा'च्या तोंडावर. नळकांडं मंदावत होतं! पेपरात लिहिलेली गोष्ट टोकरखाड्याच्या अंगणात घडत होती.

इथेच गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शोध लागल्यावर गप्प बसणं हे माणसाला जमत नाही. अनंतरावांनी कचेरीत सांगितलं. ते हिंडत हिंडत गुप्तेसाहेबांच्या कानावर गेलं. प्रभाकर गुप्ते हे कचेरीचे मुख्य. माणूस देहानं मोठा, आवाजानं बारीक.

"सावे, आकाश मोजता म्हणे? आम्हालाही दाखवा. येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी येतो." मग चष्मा पुसत ते म्हणाले, "नरोलीच्या त्या बांधावर हरलेल्या पार्टीनं पुन्हा अर्ज केलाय. म्हणतात, सावेंचं मोजमाप चुकलं. मी म्हटलं, सावे चुकत नाहीत. आता बघू या."

साहेब हसले. अनंतराव हसले नाहीत. आकाशातली मोजणी हुकली तर जमिनीवरच्या सगळ्या मोजण्या संशयात येणार, हे त्यांना त्या बारीक आवाजात स्पष्ट ऐकू आलं होतं.

घरी येऊन त्यांनी पडवीकडे साहेबांच्या नजरेनं पाहिलं. शास्त्रीय निरीक्षण, आणि त्याचं यंत्र काय? तर झोपाळ्यावर बसून बोरं खाणारी एक मुलगी.

पाटणकर म्हणाले, "अहो, ते कुर्र-कच ऐकून साहेब काय म्हणतील? शास्त्राच्या कामात शांतता पाहिजे. मुंबईला एकदा मी वेधशाळेवरून गेलोय. आत इतकी शांतता होती की बंद आहे असं वाटलं."

"आणि मुलीनं उभं राहून म्हणावं," पाटणकरांच्या वासंतीबाई म्हणाल्या. "शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर म्हणतात तसं. झोके घेत पाढे म्हणणं बरं दिसतं का? आणि तुमची ती फळी नको असेल तर मला द्या हो. बरण्या ठेवायला जागा नाही."

तर मुलांनो, अनंतरावांनी झोपाळा काढला. कड्या खुंटीवर गेल्या आणि फळी वासंतीबाईंच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांखाली गेली.

"परत मिळेल ना?" मालतीनं विचारलं.

"साहेब येऊन जाऊ देत, मग बघू."

मोठी माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. मालती हात बांधून अंगणात उभी राहिली आणि पाढा म्हणू लागली.

पहिली झळक बे दाहे विसावर पडली. दुसरी बे सक बारावर. तिसरीच्या वेळी पाढा संपून ती पुन्हा 'बे एके बे' म्हणत होती. अनंतरावांना वाटलं, आज नळकांड्यालाच काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी चौदा, अठरा, दहा. तिसऱ्या दिवशी त्यांनी नळकांड्याला दोष देणं सोडून मालतीकडे मोर्चा वळवला.

"घाई करतेस तू."

"मी नाही घाई करत, बाबा."

"मग काल दहावर कशी आली?"

"मला काय माहीत! ती आली."

"खेळायला जायचं असतं, म्हणून पळवतेस पाढा. पहिल्यापासून म्हण. आणि घाई करू नकोस!"

असं कोणी सांगितलं की काय होतं, ते करून बघा. मालतीनं इतकं सावकाश म्हटलं की झळक 'बे त्रिक सहा'वरच आली. अनंतरावांनी कपाळाला हात लावला.

मग सल्ले सुरू झाले. वासंतीबाईंनी सुंठ-साखर चाटवायला सांगितली. त्यांच्या मते मुलीचा श्वास पुरत नव्हता. पाटणकर तुपाचा रिकामा डबा घेऊन आले. "मी ठेका धरतो, तिनं त्यावर म्हणायचं." पण पाटणकर गुरुवारच्या भजनातले. चार ओळी झाल्या की सवयीनं त्यांचा हात दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, शिरे, डोळे मिटत आणि मान डोलू लागे. एकदा तर झळक येऊन गेली तरी ते थांबेनात. पलीकडच्या ओळीतल्या बायकांना वाटलं, पाटणकरांकडे भजन आहे. दोघीजणी प्रसादाला वाटी घेऊन आल्या.

शैलजाबाई एवढंच म्हणाल्या, "झोपाळा होता तेव्हा बरं चाललं होतं."

"झोपाळ्याचा काय संबंध?" अनंतराव खेकसले. शैलजाबाईंनाही तो सांगता येईना, म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या.

आता एकच उपाय उरला. शाळेत खेळाच्या शर्यतींसाठी आणलेलं एक थांबतं-चालतं घड्याळ होतं. ते व्यायामशिक्षक जयवंतराव दळवी यांच्या ताब्यात, कुलपात असे. अनंतराव अर्ज घेऊन शाळेत गेले.

"सदर घड्याळ फक्त धावण्याच्या शर्यतीसाठी आहे," हेडमास्तर म्हणाले. "कोण धावणार आहे?"

"एक नळकांडं."

"शाळेचा विद्यार्थी आहे का?"

"नाही हो! आकाशात आहे ते."

हेडमास्तरांनी बराच विचार केला. "म्हणजे बाहेरचा स्पर्धक. बाहेरच्याला घड्याळ लावायचं तर वरून परवानगी लागेल."

वरून म्हणजे किती वरून, असं विचारायचं अनंतरावांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण काम त्यांचं होतं. चार चकरा झाल्या. शेवटी असं ठरलं की घड्याळ शनिवारी मिळेल, पण जयवंतराव दळवींच्या हातातून सुटणार नाही. जिथे घड्याळ तिथे दळवी. दळवींनीही आपली एक अट सांगितली. शिट्टी वाजवल्याशिवाय त्यांना घड्याळ चालू करता येत नसे. पंधरा वर्षांची सवय.

शनिवार उजाडला. शैलजाबाईंनी अंगण सारवून घेतलं. पाटणकरांच्या वेताच्या खुर्च्या आल्या. मालतीला धुतलेला फ्रॉक घालून पडवीच्या कोपऱ्यात उभं केलं आणि आज तिनं एक अक्षरही बोलायचं नाही असं बजावलं. ती खुंटीवरच्या कड्यांकडे बघत उभी राहिली.

दळवी वेळेच्या आधी आले. त्यांनी घड्याळ रुमालातून काढलं. पाटणकर पुढे झाले. "बघू जरा. किल्ली पुरी दिलीय का? ऐन वेळी बंद पडायचं." आणि दळवी 'अहो, अहो' करेपर्यंत त्यांनी सावधगिरी म्हणून किल्ली पिळली. अजून थोडी पिळली. मग आतून बारीकसा 'कट्' आवाज आला.

 दळवींनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, आणि एकदा शिट्टीही वाजवून पाहिली. आळीतली कुत्री भुंकली. घड्याळ काही हललं नाही.

"शाळेच्या मालाला मी हात नव्हता लावला," दळवी म्हणाले.

"जुनंच झालं होतं ते," पाटणकर म्हणाले.

आणि त्याच क्षणी फाटकाशी गुप्तेसाहेबांचा बारीक आवाज आला, "काय सावे, तयारी झाली का?"

अनंतरावांना आपली साखळी, आपले बांध, आपली सगळी नोकरी डोळ्यांसमोर कोलांट्या खाताना दिसली. नळकांडं यायला थोडाच वेळ होता. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"मालती," ते म्हणाले, "म्हणशील का गं पाढा? नीट?"

"उभं राहून मला नाही येत, बाबा."

"का नाही येत? रोज तर म्हणतेस!"

"उभं राहिलं की तो माझा पाढा असतो. भीती वाटली की पळतो, तुम्ही रागावलात की थांबतो." मालतीनं खुंटीकडे बोट दाखवलं. "झोपाळ्यावर असताना तो झोपाळ्याचा असतो. झोपाळा कुठे घाबरतो? जोरात झोका घेतला तरी तेवढाच वेळ, हळू घेतला तरी तेवढाच. मी मोजून पाहिलंय, एक बोर खाऊन होईपर्यंत झोके तेवढेच."

अनंतरावांना आपला ओळंबा आठवला. जमीन मोजताना ओळंबा धरायचा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन सोडायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. ते वजन डुलत राहिलं की ते वैतागायचे. कधी एकदा थांबतं याची वाट पाहायचे. ते किती इमानानं डुलतंय, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. घरातलं एकुलतं एक खरं घड्याळ त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून लोणच्याखाली घातलं होतं.

"पाटणकर!" ते ओरडले. "फळी आणा!"

मग काय धावपळ झाली! वासंतीबाई 'बरणी, बरणी!' म्हणत होत्या, पाटणकर एकेक बरणी छातीशी धरून खाली ठेवत होते, शैलजाबाईंनी कड्या अडकवल्या, दळवींनी सवयीनं शिट्टी वाजवली. फळीला लिंबाच्या लोणच्याचा वास येत होता. ती बसवून होते न होते तोच ताडाच्या शेंड्यावर ठिणगी चमकली.

मालती बसायला निघाली. गुप्तेसाहेब खाकरले.

"सावे, यात एक खोट दिसते. मुलगी पायानं रेटणार. तिला हवा तसा वेळ लागेल."

उत्तर मालतीनं दिलं. 

"मग तुम्ही बसा. पाय वर घ्या."

 शैलजाबाईंनी पदर तोंडाला लावला. गुप्तेसाहेबांनी एकदा झोपाळ्याच्या कड्यांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि ते बसले. त्यांनी पाय वर घेतले. मालतीनं मागून दोन्ही हातांनी ढकललं. कड्या कुर्र-कच करू लागल्या.

मुलांनो, हे तुम्हीही करून बघा. झोक्याला किती वेळ लागायचा ते कड्यांच्या लांबीवर ठरतं. बसणारा चौथीतला आहे की कचेरीचा मुख्य, याची झोपाळा चौकशी करत नाही.

झळक आली. "बे एके बे," मालती म्हणाली. साहेब पुढे गेले. "बे दुणे चार." साहेब मागे आले. सगळे वर बघत होते. दळवी वर बघत होते. पाटणकर बरणी कवटाळून वर बघत होते. "बे सत्ते चौदा." काही नाही. "बे आठे सोळा." काही नाही. "बे नव्वे अठ..."

चमकली!

"पुन्हा!" साहेब म्हणाले. पुन्हा अठरा. "पुन्हा!" आता साहेबही पाढा म्हणत होते, त्या बारीक आवाजात, झोक्याबरोबर. तिसऱ्यांदाही अठरा. चौदावरून सोळा, सोळावरून अठरा. वर ते नळकांडं खरोखरच मंदावत चाललं होतं आणि ते खाली, लोणच्याचा वास येणाऱ्या फळीवर कळत होतं.

साहेब उतरले. धोतर झटकून म्हणाले, "सावे, नरोलीच्या त्या अर्जावर मी सोमवारी 'मोजणी बरोबर' लिहितो."

पाटणकर लगेच म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, ठेका पाहिजे." वासंतीबाई म्हणाल्या, "म्हणजे फळी आता मला मिळायची नाही?"  अनंतराव एका जागी उभे होते. त्यांना मुलीला काहीतरी म्हणायचं होतं, पण मोजणीदाराला माफी मागायची सवय नसते.

मालती थांबली नाही. नळकांडं अजून मसाटच्या वर झळकत होतं. तिनं वडिलांचा हात धरला आणि त्यांना झोपाळ्यावर बसवलं.

"आता मी वर बघते. तुम्ही म्हणा."

तिनं झोका दिला. झळक आली तशी तिनं खूण केली आणि अनंतरावांनी सुरुवात केली. "बे एके बे, बे दुणे चार..." पण मन आनंदानं भरून आलं होतं, साहेब फाटकाशी थांबून ऐकत होते, आणि बे चोक आठपर्यंत अनंतराव झोपाळ्याच्या चांगले दोन ओळी पुढे निघून गेले.

मालतीनं कडी धरून झोपाळा थांबवला.

"घाई करता तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "पहिल्यापासून म्हणा."

आणि तिनं पुन्हा झोका दिला.